बिनमालकाचं भांडं

१४ जानेवारी, मंगळवार

मार्लिस तशीच. डोक्याला पट्ट्या, तोंडात नळी, हात गार. डॉक्टर म्हणाले, "मेंदूतला रक्तस्राव थांबलाय. शस्त्रक्रिया चांगली झाली. आता ती जागी होण्याची वाट बघायची."

किती वाट? "ते सांगता येत नाही."

मग काय सांगता येतं या लोकांना! मी गिऱ्हाइकाला म्हणालो असतो की कपाट कधी होईल ते सांगता येत नाही, दारं बसतील की नाही तेही सांगता येत नाही, तर माणूस दारातूनच परत गेला असता. इथे मात्र आपण मान हलवायची आणि आभार मानायचे.

बायकोच्या खाटेजवळच्या खुर्चीचा मागचा पाय हलतो. दिवसभर कुईऽ कुईऽ. शेवटी खिशातल्या चाकूच्या टोकाने स्क्रू आवळला. नर्स म्हणाली, "आमच्याकडे त्यासाठी माणूस आहे हो." असेल. मग पाय हलत का होता?

फार्गोच्या हॉस्पिटलातून परत येताना रस्त्यावर बर्फ उडत होता. समोरचं काही दिसेना. गाडी चालवणं बरं वाटलं. त्यात निदान काहीतरी करायचं असतं.

१५ जानेवारी, बुधवार

व्हर्नाचा फोन. चर्चच्या स्वयंपाकघराची ती स्वयंघोषित राणी, आणि आमची शेजारीण. "ओरिन, मार्लिसचं नाव प्रार्थनेच्या साखळीत घातलंय बरं का. तुझंही."

"माझं काढ."

"काढता येत नाही. मी लायलच्या बायकोला फोन केला, तिने पुढे केला. एव्हाना साखळी नदीपलीकडे गेली असेल."

मी म्हटलं, मी अकरा वर्षांत चर्चची पायरी चढलेलो नाही, माझ्या नावाने कुणी हात जोडायचं कारण नाही.

"तुला कोण विचारतंय? आम्ही देवाला विचारतोय," म्हणाली आणि फोन ठेवला!

१७ जानेवारी, शुक्रवार

मागच्या पडवीत भांडी येऊन पडायला लागली आहेत. मी फार्गोला असतो तेव्हा कुणीतरी येतं, ठेवतं, जातं. सगळ्या हॉटडिश. खिमा, बटाटे, वर चीज, ओव्हनमध्ये भाजलेलं. पडवीत इतकी थंडी की फ्रिज लागत नाही. प्रत्येकाच्या बुडाला कागदी चिकटपट्टी, तिच्यावर पेनने नाव— भांडं परत कुठे द्यायचं ते कळावं म्हणून. इथली रीतच आहे.

मी कुणाकडे मागितलं नव्हतं.

भूक लागली होती, म्हणून खाल्लं. उभ्यानेच. बसवत नाही.

१९ जानेवारी, रविवार

फरक नाही. तिच्याशी बोलत राहा, म्हणतात. ऐकू येतं म्हणे. काय बोलू? आम्ही बोलायचो ते कामाचं. कात्री कुठे आहे, पाणी तापलं का. आता कात्री कुठे आहे ते विचारायला ती हवी!

लोकांना वाटतं, या वेळी देव आठवतो. मला रंध्याचा आवाज आठवतो. वर्कशॉपमध्ये जाऊन एक फळी विनाकारण साफ केली. नंतर तीच पुन्हा.

२१ जानेवारी, मंगळवार

आज एक फारच भयंकर हॉटडिश खाल्ली. पांढरं लांबट भांडं, निळी कड, एका कानाखाली टवका. आतले बटाटे— एक तुकडा बोटाएवढा जाड, दुसरा कागदासारखा. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. मीठ बहुधा दोनदा पडलेलं. ज्या बाईने हे केलं तिच्या हातात सुरी देऊ नये.

सगळी संपवली. का ते माहीत नाही.

२२ जानेवारी, बुधवार

भांड्यांचा ढीग सिंकमध्ये. स्वयंपाकघर मार्लिसचं. तिथली कपाटं माझी, एकूण एक खाच हाताने कापलेली, कुणाकडे न शिकता, जुनी कपाटं उघडून आणि लायब्ररीतली पुस्तकं वाचून. पण कपाटाच्या आत काय असतं ते मी कधी बघितलं नाही. साबण शोधायलाच वेळ गेला.

करायचं तर नीट करायचं. उकळतं पाणी, खाण्याचा सोडा, सगळी भांडी कपडे धुण्याच्या मोठ्या टबात बुडवून ठेवली. दुपारनंतर घासली. बुडाच्या पट्ट्यांचा लगदा झाला होता. अर्धवट चिकटलेली पट्टी मला बघवत नाही— सगळी खरवडली, चिकटा टर्पेंटाइनने पुसला, पुन्हा धुतली. आरशासारखी झाली. रांगेत मांडून लांबून बघत उभा होतो.

मग लक्षात आलं.

नावं!

२३ जानेवारी, गुरुवार

व्हर्ना म्हणाली, "भांडी चर्चच्या तळघरात आणून ठेव, पट्टीवर नाव बघून ज्याचं तो नेईल."

म्हटलं, एक तर मी चर्चमध्ये येणार नाही. दुसरं, पट्ट्या नाहीत.

"नाहीत म्हणजे?"

सांगितलं. मग अशी हसायला लागली की मला वाटलं, आता हिलाही फार्गोला न्यावं लागणार. "अरे ओरिन! टर्पेंटाइन? बुडाला? सबंध परगण्यात भांड्याचं बूड इतकं स्वच्छ कुणी ठेवलं नसेल रे!"

मग म्हणाली, "आता घरोघर जा. प्रत्येकाला दाखव. आणि हो, दारातून पळून यायचं नाही. कॉफी देतील. तीनदा नाही म्हणायचं, चौथ्यांदा घ्यायची. तू विसरला असशील म्हणून सांगते."

मला रीत शिकवते!

२४ जानेवारी, शुक्रवार

फार्गोहून लवकर निघालो. भांडी गाडीत मागे, मध्ये जुनी ब्लँकेटं घालून, एकही वाजणार नाही अशी.

पहिलं घर लायलचं. बायको कामावर. लायल दारात आला, माझ्याकडे बघितलं, भांड्यांकडे बघितलं. "यातलं आमचं कुठलं ते मला काय माहीत! मी फक्त आतलं खातो." मग मला गॅरेजमध्ये घेऊन गेला आणि बर्फ फेकायचं नवं यंत्र दाखवलं. बराच वेळ दाखवलं. पट्टा कसा बसवतात, तेल कुठे घालतात. मार्लिसचं नाव नाही काढलं. निघताना गाडीच्या टपावर हात आपटला आणि म्हणाला, "सावकाश जा. उद्या तुझा रस्ता मी साफ करतो." म्हटलं, मी करतो की. म्हणाला, "तू फार्गोला असशील ना."

दुसरं घर एडना ब्यर्कलुंडबाईंचं. वय झालंय, कान गेलेत, डोळे शाबूत. लांबूनच ओरडल्या, "ते तपकिरी माझं! आत या!" नाही म्हटलं. तीनदा म्हटलं. चौथ्यांदा टेबलाशी.

त्यांचे यजमान असेच गेले होते, हॉस्पिटलात, पडून पडून. मला ते विचारायचं नव्हतं. त्यांनीच काढलं. मोठ्याने, कारण त्यांना स्वतःचंही ऐकू येत नाही. "लोक विचारायचे, एडना, प्रार्थना करतेस ना? हो म्हणायचे. कसली प्रार्थना! तोंडच उघडत नव्हतं. मी विणत होते. मोजे. इतके मोजे विणले, ओरिन, की गावात पाय पुरेनात! हातांना काम असलं की आतलं माणूस जरा टेकतं. बघा करून."

मी म्हटलं, मला विणता येत नाही.

"काय?"

"विणता येत नाही!"

"मग जे येतं ते करा! ओरडता कशाला?"

२६ जानेवारी, रविवार

लिंडनच्या मऊ लाकडाचा एक तुकडा आणि कोरायचा बाकदार चाकू घेऊन गेलो. नर्सला वाटलं, परत खुर्चीच्या मागे लागणार. खाटेजवळ बसून चमचा कोरायला घेतला. ढलप्या मांडीवरच्या टॉवेलात. एकही खाली पडू दिली नाही.

कोरता कोरता मार्लिसला सांगत होतो, कुणाकडे गेलो, कुणाचं भांडं कुठलं निघालं. व्हर्नाचं हसणं. एडनाबाईंचे मोजे. किती वेळ बोलत होतो, मला कळलंच नाही.

२७ जानेवारी, सोमवार

ताप. मेंदूभोवती पाणी साचलंय. पुन्हा शस्त्रक्रियेला आत नेली. मला बाहेर बसवलं. डॉक्टर या वेळी नजरेला नजर देईनात. कागदावर सही घेतली. "शक्यता सगळ्या सांगाव्या लागतात," म्हणाले, आणि सगळ्या सांगितल्या. एक ऐकली, पुढच्या ऐकल्या नाहीत.

चमचा पुढे सरकेना. चाकू दोनदा रेघेबाहेर गेला. माझ्या हातून! मी चाकू बंद करून खिशात ठेवला. चमचा बिघडू नये.

मग नुसता बसलो. शेजारी एक अनोळखी बाई बसली होती, सोमाली असावी, डोक्यावरून ओढणी, ओठ हलत होते. ती माझ्यासाठी काही म्हणत नव्हती. पण तिथून उठून जावंसं वाटलं नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

ताप उतरलाय. बाकी तेच.

घरी आलो तर रस्ता दारापर्यंत साफ. कडा सरळ नाहीत. लायल!

२९ जानेवारी, बुधवार

डोळे उघडले! मार्लिसने डोळे उघडले! नळी काढलीय. बोलत नाही, उजवा हात उचलत नाही, पण मी खोलीत इकडून तिकडे गेलो की नजर मागे येते. मी मुद्दाम चार वेळा गेलो. नर्स म्हणाली, "दमवाल त्यांना."

वाचा येईल का? "ते सांगता येत नाही." आज राग आला नाही. म्हणजे आला, पण कमी.

३१ जानेवारी, शुक्रवार

सगळी भांडी ज्याची त्याला पोचली. एक उरलं— पांढरं, निळ्या कडेचं, टवका गेलेलं. मीठ दोनदा पडलेल्या बटाट्यांचं. कुणीच आपलं म्हणेना. व्हर्नाला दाखवलं. तिने उलटसुलट करून बघितलं. "ओळखीचं वाटतंय रे. सेल्मरला विचारलंस?"

सेल्मर हॉगेनला मी काहीही विचारणार नाही.

इथे लिहितो, म्हणजे पुन्हा कधी लिहावं लागणार नाही. चर्चमधला वेदीपुढचा कठडा मी बनवला होता. पांढरा ओक. एक हिवाळा गेला त्यात. ज्या कठड्यापाशी गुडघे टेकून लोक भाकर आणि द्राक्षारस घेतात, तो. सेल्मर तेव्हा मंडळाचा अध्यक्ष. त्याची बायको आर्लीन चाकाच्या खुर्चीत आली, खुर्ची आत जाईना, म्हणून त्याने कठड्याचा मधला भाग कापून काढला. स्वतः. करवतीने. मला न विचारता! काटकोनातसुद्धा नाही कापला. मी तिथे बिजागऱ्या लावून दार करून दिलं असतं, बोटाने उघडेल असं. विचारलं असतं तर. त्या रविवारपासून मी गेलो नाही. मार्लिस जात राहिली. आर्लीनला जाऊनही आता चार वर्षं झाली. मी तिच्या दफनालाही गेलो नव्हतो.

आज मात्र मनात आलं, हे भांडं तळघरात ठेवून मोकळं व्हावं. दिवसाढवळ्या तिथे कुणी नसतं.

पाळकबाई होत्या. इंग्रिड नाव, नवीनच, माझ्या निम्म्या वयाच्या. वर प्रार्थनेच्या दालनात शिडीवर चढून दिवा बदलत होत्या. शिडी डुगडुगत होती. मी धरली. दुसरं काय करणार?

खाली उतरल्यावर म्हणाल्या, "इथे ठेवू नका हो. इथे ठेवलेलं भांडं कायमचं इथलंच होतं. तळघरात बघा, मेलेल्या लोकांची भांडी आहेत. तुम्हीच वापरा. मालक आपोआप उगवेल."

मग मी विचारलं. का विचारलं कोण जाणे. म्हटलं, तुमच्या त्या साखळीचा काही उपयोग होतो का? खरं सांगा.

म्हणाल्या, "खरं सांगू? मला माहीत नाही. त्याचाच पगार घेते, तरी माहीत नाही. पण रोज सकाळी मार्लिस ट्वेट असं नाव घेते, त्यामुळे दिवसभर तुम्ही दोघं माझ्या डोक्यात असता. गावात असे पन्नास-साठ लोक आहेत. एवढं होतं, ते नक्की."

त्या खाली गेल्या. मी वरच थांबलो. कठड्याजवळ गेलो. बघायचं नव्हतं, पण गेलो.

कापलेली दोन्ही टोकं काळपट झालीत. गुळगुळीत. पॉलिशने असा रंग येत नाही, हे मला कुणी सांगायला नको. हात लागून येतो. म्हातारी माणसं गुडघ्यावरून उठताना तिथेच धरत असणार— कापलेलं टोक मुठीत बरोबर बसतं. बाकीचा कठडा, माझा, रेषेत सरळ, अजून नव्यासारखा. त्याला कुणी धरत नाही.

काटकोन नाहीच. अंगठा ठेवून बघितला.

पहिल्या बाकावर बसलो. देवाला काही म्हटलं नाही. पण बसल्याजागी पाय हलत राहिले नाहीत. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच.

२ फेब्रुवारी, रविवार

उपासनेला गेलो नाही. उगाच कुणाचा गैरसमज नको.

चमचा पुरा केला. जवसाचं तेल दोन हात. दांडा जरा जाड ठेवलाय, तिला डाव्या हाताने धरता यावा म्हणून.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मऊ खायला हरकत नाही, म्हणाले. विचारलं, तांदळाची खीर? चालेल.

खीर कशी करतात? मार्लिस नाताळात करते, एवढंच माहीत. एडनाबाईंना फोन केला. अर्धं गाव ऐकेल असं बोलणं झालं. "ढवळत राहा! सोडून जाऊ नका! तुम्हाला उभं राहायला आवडतं ना, मग राहा!" दूध दोनदा खाली लागलं. तिसऱ्यांदा जमलं. भाताचा दाणा न् दाणा शिजलेला, वर दालचिनी सगळीकडे सारखी. ठेवायला भांडं शोधलं, तर समोर तेच. निळ्या कडेचं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मार्लिसने खीर खाल्ली. सहा चमचे. माझ्या चमच्याने. डाव्या हाताने स्वतः एक, बाकीचे मी भरवले.

पण नंतर जे झालं त्याने जिवाला घोर लागलाय. ती भांड्याकडे बघत राहिली. खूप वेळ. मग ओठ हलले आणि पहिला शब्द आला. इतक्या दिवसांत पहिला शब्द! मी कान लावला. "सेल्मर."

म्हटलं, मार्लिस, मी ओरिन.

पुन्हा भांड्याकडे बघून— "सेल्मर."

वाचेवर काम करणाऱ्या बाई म्हणाल्या, असं होतं, नावांची सरमिसळ होते, मनाला लावून घेऊ नका. वर्षं लागतात कधीकधी, कधी तसंच राहतं. मी हो हो म्हटलं. येताना रस्त्यात दोनदा गाडी बाजूला घेऊन थांबलो. अख्ख्या गावात हेच एक नाव सापडावं तिला?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा तेच नाव. आज चिडली माझ्यावर. मला कळत नाही म्हणून.

८ फेब्रुवारी, शनिवार

मार्लिसचं डोकं जागेवर आहे. आज तिने भांड्याच्या टवक्यावर बोट ठेवलं आणि जोडून जोडून सांगितलं— "आपलं." मग, "आर्लीन गेली... मी नेलं." चार वर्षांपूर्वी ती हे भरून सेल्मरकडे घेऊन गेली होती. मला न सांगता. आता त्याने भरून परत केलं. बुडाला नाव आमचंच असणार, आणि मीच ते न वाचता खरवडून काढलं! ते बटाटे कापणारा हात मी ओळखायला हवा होता.

फार्गोहून थेट त्याच्याकडे गेलो. भांड्यात उरलेली खीर होती. सेल्मरने दार उघडलं. म्हातारा झालाय. मग म्हणाला, "थंडी आहे. आत ये. कॉफी टाकतो."

मी नाही म्हणायचं विसरलो. एकदाही म्हटलं नाही.